वजडी, मुंडी, रक्ती आणि आपली नाकं

घाटमाथा:
परवा इथेच 'निर्मळ वारा' यांचा लेख आला. वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: वजडी (बकऱ्याचं पोट-आतडी), मुंडी (डोकं), रक्ती (रक्त), फोफसं (फुप्फुस) हे दुष्काळातलं खाणं. मटण परवडत नव्हतं तेव्हा लोकांनी खाल्लं, ठीक. आता खिशात पैसे असूनही खाणं म्हणजे 'जिभेचं मागासलेपण'. आणि पुढारलेल्या देशांत हे सगळं कुत्र्यामांजरांच्या डब्यात जातं म्हणे. त्यावर धडाधड 'सहमत' पडले. उत्तर लिहायला बसलो तर ते लेखापेक्षा लांब झालं, म्हणून वेगळा धागा.

मी कराडकडचा. आमच्या जत्रेला पहाटे मुलाणी येतो, सुरी फिरवतो. खाली थाळीत मीठपाणी घालून कुणीतरी उकिडवं बसलेलं असतं, त्यात रक्त धरायचं. ते थिजलं की वड्या पाडायच्या, उकळायच्या आणि कांद्यावर परतायच्या. मुलाणी स्वतः रक्ताला शिवत नाही, त्याच्या धर्मात ते चालत नाही, पण आमच्यासाठी थाळी नीट धर म्हणून ओरडतो. मटणाचे वाटे दुपारी पडतात. काळीज (म्हणजे कलेजी) आणि वजडी सकाळीच चुलीवर चढते, कारण ती टिकत नाही. म्हणजे जत्रेचा पहिला घास हाच. यात 'परवडत नाही म्हणून' कुठे आलं? आमच्या खाटकाकडे नुसती कलेजी मागून बघा, मटणापेक्षा चढा भाव सांगतो.

आणि पुढारलेले देश? रोमला तेस्ताच्चो भागात मोठा कत्तलखाना होता, १९७५ पर्यंत चालू. तिथल्या कामगारांना मजुरीचा काही हिस्सा आतडी, शेपटी, पोट असा मिळायचा. जनावराचे चार चतकोर चांगल्या घरी जायचे, उरलेला हा 'पाचवा चतकोर'. आज त्याच भागात लोक रांगा लावून तेच खातात. तिथे 'परंपरा', इथे 'मागासलेपण'. आपला तो बाब्या.

निर्मळ वारा:
शब्द कडक झाला, मान्य. बाकी काही मागे घेत नाही.

तुम्ही जत्रेचं सांगितलंत, मी आत्याकडचं सांगतो. आठ वर्षांचा होतो. मागल्या अंगणात मुंडी भाजायला ठेवली होती. जळक्या केसांचा तो वास, आणि त्या धुरातून डोळा माझ्याकडे बघतोय. आत्येभाऊ म्हणाला, जीभ तुला देणार. मी रात्री उपाशी झोपलो. आज चिकन खातो, मासे खातो. शाकाहाराचं सोवळं नेसून बोलत नाहीये. पण शरीरातली गाळणी, गटार आणि पिशवी खायची गरज काय, एवढाच प्रश्न आहे. शिवाय रोगराई वेगळीच. माझ्या काकांच्या यकृतात पाण्याची गाठ निघाली, ऑपरेशन झालं. ते वजडी-फोफसाचे शौकीन होते. जोडा तुम्हीच संबंध.

गाबोळीप्रेमी:
मासे खाता म्हणालात. गाबोळी? की ती अंडाशयाची पिशवी नसून आकाशातून पडते?

निर्मळ वारा:
गाबोळीची गोष्ट वेगळी.

गाबोळीप्रेमी:
वाटलंच.

मडगांवकार:
आमच्या गोव्याच्या सोरपोतेलाचं नाव कोणीच घेत नाही म्हणून लिहितो. नाताळाच्या चार-पाच दिवस आधी आमच्या घरी हंडी चढते. डुकराचं मांस, काळीज, हृदय, सगळं आधी उकडून चण्याएवढं बारीक कापायचं. ते कापणं हीच खरी पूजा, मोठे तुकडे ठेवले की माई सुरीच्या पाठीने हातावर मारायची. मग माडाच्या सुरेचं व्हिनेगर. रोज एकदा गरम करायचं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी चव लागते. पोर्तुगिजांकडून आलं, पण त्यांना आता आमचं ओळखू येणार नाही.

आता माझं खरं दुखणं. किनाऱ्यावरच्या हॉटेलांत सोरपोतेल म्हणून जे देतात ना, त्यात काळीज नाही, रक्त तर नाहीच, वर टोमॅटो! पर्यटकाला वास येतो म्हणून. अहो मग पर्यटकाला आमलेट द्या. निर्मळबाब, तुमच्यासारख्या नाकांमुळे आमच्या हंडीत टोमॅटो आला.

ग्लासगोतली थंडी:
पुढारलेल्या देशातून हजर. इथे स्कॉटलंडात २५ जानेवारीला हॅगिस खातात: मेंढीचं काळीज, हृदय, फोफसं, ओट्स, कांदा, चरबी, सगळं मेंढीच्या पोटात भरून शिजवलेलं. त्याच्यासमोर कविता म्हणतात, बॅगपाइप वाजवतात. सत्यनारायणाला आपण एवढा थाट करत नाही. अमेरिकेत मात्र १९७१ पासून फोफसं माणसाच्या खाण्यात चालत नाही, म्हणून खरं हॅगिस तिकडे जात नाही, आणि त्याचं इथल्या लोकांना राष्ट्रीय दुःख आहे.

गंमत पुढे आहे. हॅगिस मिटक्या मारत खाणाऱ्या सहकारणीला मी घरी बोलावून पाया केला. वाडग्यात खूर दिसल्यावर ती पांढरी पडली. म्हणाली, 'याला पायाचा आकार आहे!' तुमच्या मेंढीचं काय सगळं चौकोनी असतं का, असं विचारणार होते. पाहुणी होती म्हणून गप्प बसले.

पण निर्मळ वारा, अर्धं तुमचंही खरं आहे. इथली तरुण मुलं काळीज बघून नाक मुरडतात, आणि सुपरमार्केटात ते मिळतं एका कोपऱ्यात. वर्षातून एकदा देशप्रेम म्हणून खायचं, एवढंच बऱ्याच जणांचं. दुकानातल्या हॅगिसचं वेष्टनसुद्धा आता बहुधा कृत्रिम असतं.

तिसरी शिट्टी:
केव्हाची वाचतेय. जत्रा झाली, रोम झालं, स्कॉटलंड झालं. एक प्रश्न: वजडी धुतं कोण?

घाटमाथा, तुमच्या त्या 'पहिल्या घासा'आधी मोरीवर दोन तास कोण बसलेलं असतं? पोट उलटं करून आतला शेणकट चोथा काढायचा. आधण आलेल्या पाण्यात बुडवायचं, पटकन बाहेर काढायचं आणि गरम असतानाच सुरीने काळी साल खरवडायची. तो पुस्तकाच्या पानांसारखा पदर असतो ना, त्याचं एकेक पान उघडायचं. मग चुना, मग हळद-मीठ लावून उकळायचं, ते पाणी फेकायचं आणि मग कुठे कुकर. हाताचा वास दोन दिवस जात नाही. लग्नानंतर पहिल्या रविवारी सासऱ्यांनी पिशवी आणून ओट्यावर ठेवली आणि पेपर वाचायला बसले. माझ्या माहेरी हे खात नव्हते. शिकले, आता उत्तम करते, आवडीने खातेही. पण 'आमची संस्कृती' म्हणून मिशीला पीळ देणारा एक तरी पुरुष मोरीवर बसलेला दाखवा.

घाटमाथा:
ताई, मुद्दा बरोबर आहे, पण या धाग्याचा विषय तो नाही.

तिसरी शिट्टी:
बायकांच्या हाताला वास येतो तेव्हा तो विषय कधीच नसतो.

कोल्हापुरी_ठसका:
चुना कशाला लावता हो? चुन्याने वजडीची चवच मरते. नुसतं गरम पाणी आणि गव्हाचं पीठ चोळा.

तिसरी शिट्टी:
तुम्ही स्वतः चोळलंय का कधी?

कोल्हापुरी_ठसका:
आमच्याकडे आई करते.

तिसरी शिट्टी:
नमस्कार सांगा त्यांना.

विदर्भाचा_पाहुणा:
चुना हवाच. मात्र धुतला नीट गेला पाहिजे, नाहीतर तोंड येतं. आमच्याकडे खाटिकच साफ करून देतो, वरचे पैसे घेतो. भांडणच नको.

कोल्हापुरी_ठसका:
खाटकाने साफ केलेली वजडी म्हणजे लाँड्रीतून आलेलं धोतर. वास त्याचाच राहतो.

निर्मळ वारा:
म्हणजे 'वास' आहे हे एकदाचं कबूल झालं! इतके प्रतिसाद वाया नाही गेले.

गुरांचा डॉक्टर:
मधेच बोलतो, कारण वर एक चुकीची गोष्ट पसरतेय. निर्मळ वारा, तुमच्या काकांच्या यकृतातली पाण्याची गाठ बहुधा हायडॅटिड असणार. ती फोफसं खाल्ल्याने होत नाही. मेंढी-बकरीच्या फोफसात, काळजात ते फोड असतात. खाटिक ते भाग तसेच मागे फेकतो, कुत्रा कच्चे खातो, कुत्र्याच्या आतड्यात पट्टकृमी होतात, त्यांची अंडी विष्ठेतून मातीत, तिथून कोथिंबिरीवर, हातावर, पाण्यात. तिथून माणसात. जन्मभर कांदालसूणही न खाल्लेल्या माणसाला ही गाठ होऊ शकते. शिजवलेल्या वजडीचा यात काही संबंध नाही. दोष असेल तर फोडवाले भाग उघड्यावर फेकणाऱ्यांचा.

पण घाटमाथा, तुम्हीही फार हुरळू नका. ब्रिटनने १९८९ मध्ये गाईबैलांचा मेंदू, मज्जारज्जू, प्लीहा वगैरे माणसाच्या खाण्यातून बंद केले, ते नाक मुरडून नव्हे, वेड्या गाईच्या रोगामुळे. तुमच्या रोमची ती दुधपित्या वासराच्या आतड्यांची 'पायाता' त्याच रोगापायी कित्येक वर्षं बंद होती, २०१५ ला परत सुरू झाली. यूरिक ॲसिड वाढलेल्याने काळीज-गुर्दा जपून खावा. आणि गरोदर बाईला रोज कलेजी खाऊ घालणाऱ्या सासवांनो, थांबा. लोह मिळतं हे खरं, पण जीवनसत्त्व अ इतकं असतं की बाळाला अपाय होऊ शकतो.

निर्मळ वारा:
बरं. काकांची गाठ मागे घेतो. म्हणजे काकांनी वर्षानुवर्षं आमचे टोमणे फुकट ऐकले. आता सांगायलाही ते नाहीत.

वेशीबाहेरून:
लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण दोन्हीकडचे धन्य आहात.

आम्ही लातूरकडचे. १९२७ ला महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा म्हणून सांगितलं. ती हाक आमच्या वाड्यापर्यंत यायला वर्षं लागली, पण आली आणि आजोबांनी सोडलं. आजी त्याआधीचं सांगायची: दोरीवर वाळणाऱ्या चान्या (मांसाच्या पट्ट्या), आणि पावसाळ्यात त्यावर निघालेले महिने. पुढे वडील तालुक्याला कारकून लागले. भाड्याचं घर मिळालं, मालकाने आडनावावरून फार खोदलं नाही म्हणून. त्या घरात सहा वर्षं वजडी शिजली नाही. मटण शिजायचं, शेजारीही शिजवायचे. वजडी नाही. वडील म्हणायचे, या वासाला पत्ता असतो. आई आत्याकडे गेली की तिथे खाऊन यायची आणि परतताना एसटीत बडीशेप चघळत बसायची.

तर निर्मळ वारा, तुम्हाला मुंडीचा डोळा दिसला, आम्हाला तुमचा दिसायचा. आणि घाटमाथा, रोमच्या कामगाराला मजुरीत आतडी मिळाली, आमच्या माणसांना गावचं मेलेलं ढोर ओढणं हेच काम होतं आणि तेच मजुरी. एका माळेत ओवू नका. तुम्हाला आज जे कौतुकाचं आहे ते सोडून देण्यात आमच्या दोन पिढ्यांचा ताठ कणा आहे. मी स्वतः बकऱ्याची वजडी खातो, मजेत खातो. पण ती 'वारसा' म्हणून मिरवायला मला कुणी सांगू नये आणि सोडायलाही सांगू नये.

घाटमाथा:
यावर मला उत्तर नाही. रोमची उपमा घाईत दिली.

निर्मळ वारा:
'मागासलेपण' हा शब्द मूळ लेखातून काढतोय. मुंडी तरीही खाणार नाही.

वेशीबाहेरून:
नका खाऊ. तेवढीच आम्हाला जास्त.

कोल्हापुरी_ठसका:
चुन्याचा निकाल लागलाच नाही.

घाटमाथा (रविवार, दुपारी):
कळवतो की आज मी स्वतः मोरीवर बसलो. बायको दारात उभी राहून फोटो काढतेय. पिशवी उलटी केली, चोथा काढला, इथपर्यंत छाती फुगली होती. उकळत्या पाण्यात घातली आणि मधे फोन आला. आता साल निघतच नाही, आणखीच घट्ट बसली आहे. तिसरी शिट्टी, आहात का? तातडीचं आहे.

तिसरी शिट्टी:
किती वेळ होती पाण्यात?

घाटमाथा:
पाचेक मिनिटं.

तिसरी शिट्टी:
अर्धं मिनिट म्हणजे अर्धं मिनिट. आता बसा नखाने काढत. पुस्तकाची पानं उघडलीत का?

घाटमाथा:
कसली पानं?