दारू सोडल्यानंतरच्या काळासाठी मदत हवी आहे

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाला दारू सोडायची आहे, आणि या वेळी तो स्वतःहून म्हणतोय. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. म्हणून तो टप्पा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, त्यात तडजोड नाही.

प्रश्न पुढचा आहे. तलफ आली की बहुधा थोड्या वेळात ओसरते. तेवढा वेळ निभावायला ध्यान, प्राणायाम, व्यायाम यांपैकी तुमच्या घरात खरंच काय टिकलं? समुपदेशनासोबत अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या (दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याच्या गटाच्या) बैठका कुणी केल्यात का? झोप फार बिघडली आहे त्याची. आम्ही घरच्यांनी काय बोलू नये, हेही सांगा. त्याच्या नकळत जेवणात घालायच्या पुड्या मात्र कृपया सुचवू नका.