धोतरवाल्या स्पायडरमॅनचं पान
पहिल्या मालिकेचे चारच अंक निघाले म्हणून 'स्पायडर-मॅन: इंडिया' या कॉमिकचं विकिपीडियावरचं पान मूळ स्पायडरमॅनच्या पानात मर्ज करा, ही सूचना काय पटली नाय बुवा. अंक मोजून थोडंच ठरतं, बाहेरच्यांनी त्यावर किती लिहिलंय ते बघायचं ना, आणि २००४ मध्ये मुंबईचा पवित्र प्रभाकर आला, वर जाळीचा ड्रेस नि खाली चक्क धोतर, शक्ती पण कोळी चावून नाही तर एका योग्याकडून, तेव्हा पेपरवाल्यांनी दखल घेतलेलीच की. २०२३ च्या 'स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' सिनेमातला पवित्र तरी कुठून आला मग? हां, पानभर नुसती ष्टोरी ओतणार असाल तर नको. पवित्रचे भीमकाका, राक्षस झालेला खलनायक नलिन ओबेरॉय, दोन ओळीत बसतं सगळं.