‘छोटी सी बात’ आजच्या मुलांना भावेल का?

प्रश्न (अमळनेर):
आमच्या वाचनालयात महाविद्यालयीन मुलांसाठी बासू चॅटर्जी यांचा १९७६ सालचा ‘छोटी सी बात’ दाखवण्याचा विचार आहे. मुंबई फारशी न पाहिलेल्या मुलांना बसथांब्यावरचे ते प्रेम जवळचे वाटेल का?

उत्तर (भुसावळ):
निश्चित वाटेल, ताई. अमोल पालेकरांचा अरुण मनात संवाद रचत राहतो आणि विद्या सिन्हांची प्रभा समोर आली की गप्प होतो. हा बुजरेपणा आपल्याकडच्या एसटी स्थानकावरही तितकाच खरा आहे. शिवाय जहांगीर कलादालनातले, २०१५ साली बंद झालेले ‘समोवार’ हे उपाहारगृह त्यात पाहायला मिळते, हे मला फार मोलाचे वाटते.

उत्तर (धुळे):
चित्रपट मलाही अतिशय प्रिय आहे, परंतु मुलीच्या मागे रोज चालत जाणे आज गोड मानता येणार नाही, हे मुलांशी स्पष्ट बोलावे. अशोक कुमारांचे कर्नल खंडाळ्यात ज्या क्लृप्त्या शिकवतात, त्या अरुण अखेरीस प्रभावर पूर्णपणे वापरू शकत नाही. चर्चा त्या प्रसंगापासूनच सुरू करावी.

प्रश्नकर्ती:
आभारी आहे, भाऊ. चित्रपटानंतर अर्धा तास चर्चेसाठी ठेवते.