माळकरी गिऱ्हाईक गेल्यावर : त्यांच्या वस्तू, त्यांची कामं

पंचवीस-तीस वर्षं एकाच दुकानाची पायरी चढणारी माणसं असतात. त्यात गळ्यात तुळशीची माळ असलेलं गिऱ्हाईक लगेच ओळखू येतं, कारण त्याचं वर्ष एकादशीवर चालतं. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून आणि अष्टमीला आळंदीहून पालखी निघायच्या आत त्याचं काम हातात पडावं लागतं. बाकी सगळी मागणी घरच्यांसाठी असते. अशी माणसं हळूहळू जात आहेत आणि त्यांच्या वस्तू मुलानातवंडांकडे येत आहेत. तुमच्या अशा गिऱ्हाइकाचं काम कसं व्हायचं, काय बिघडायचं आणि आता घरच्यांनी काय सांभाळावं, ते नेमकं लिहा. दुकानाचा इतिहास नको, त्या माणसाचं लिहा.

पखवाजवाले

माझे माळकरी गिऱ्हाईक म्हणजे आबा. त्यांच्याकडे दोन पखवाज होते. शिसवाचा जड पखवाज घरच्या भजनाला आणि हलक्या खोडाचा वारीला. वारी आषाढात, म्हणजे पाऊस ठरलेला. पुडी, म्हणजे तोंडावरचं चामडं, दमट झाली की सूर उतरतो. तेव्हा लोक लगेच हातोडी घेऊन गट्ठे (वादीखालचे लाकडी ठोकळे) ठोकतात, आणि सगळं नुकसान तिथेच होतं. ओलं चामडं जास्तीचं ताणलं जातं, दुसऱ्या दिवशी ऊन पडलं की आकसतं आणि गजऱ्यापाशी, म्हणजे कडेच्या चामडी वेणीपाशी, चिरतं. आबा ठोकत नसत. कोरड्या सुती फडक्याने पुसायचे, वाऱ्याला पण सावलीत ठेवायचे आणि तासाभराने सूर बघायचे. चुलीजवळ शेकणं तर त्यांना अजिबात चालत नसे. शाई म्हणजे पुडीच्या मधोमध लोहकीस आणि खळ यांचे घोटून बसवलेले काळे थर. चामडं आणि शाई सारख्या वेगाने तापत नाहीत, म्हणून शाई तडकते.

धुम्याची, म्हणजे डाव्या तोंडावर लावायची, कणीक पुरीच्या दोन लाट्यांएवढी घ्या. मीठ-तेल नको, आणि पोळीच्या कणकेपेक्षा सैल हवी. घट्ट असली तर वाजवताना कडेने सुटते, फार पातळ असली तर पसरून मैदानावर, म्हणजे भोवतीच्या उघड्या चामड्यावर, येते. भजन संपलं की तिथल्या तिथे काढायची. रात्रभर राहिली तर उंदीर कणकेसकट चामडं कुरतडतात. आबा काढलेली कणीक गाईला घालायचे, वाया जाऊ द्यायचे नाहीत. वाळलीच तर सुरीने खरवडू नका. ओलं फडकं दहा मिनिटं वर ठेवा, ती आपोआप सुटते.

आता त्यांचा नातू वाजवतो. परीक्षेच्या दिवसांत दोन-तीन महिने हात लागणार नसेल तर गट्ठे थोडे सैल करून ठेवावेत आणि पखवाज आडवा, जमिनीपासून वर ठेवावा. रेक्झिनच्या खोळीत आधी सुती खोळ हवीच, नाहीतर आतल्या आत घाम धरतो.

प्रश्न

शाईच्या मधोमध नखाएवढा टवका गेला असेल तर तेवढाच भरता येतो का?

पखवाजवाले

येतो, पण टिकत नाही. नवा तुकडा जुन्या थराला धरत नाही आणि त्या जागी बोल बसका येतो. कडेचा बारीक टवका असेल तर वाजवत राहा. मधला गेला असेल तर शाई पूर्ण उतरवून नवी चढवायला द्या.

पोथी-बांधणी

काकांची ज्ञानेश्वरी रोजच्या पारायणाची होती. अठरा अध्याय, नऊ हजारांच्या आसपास ओव्या आणि रोज उघडमीट, त्यामुळे कणा सैल व्हायचा. अशा ग्रंथाची जुजबंदीच करावी, म्हणजे फर्मे (घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे) दोऱ्याने शिवून. कडेने टोचून शिवला की पुस्तक सपाट उघडत नाही, मग वाचणारा हाताने दाबतो आणि कागद घडीत फाटतो. फर्मे सोडवण्याआधी पेन्सिलीने क्रमांक घाला. घडीत फाटलेल्या पानांना पातळ पांढऱ्या टिश्यू कागदाची अर्धा इंच पट्टी खळीने लावा.

खळ अशी: एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी, मंद आच, आणि पांढुरकेपणा जाऊन पारदर्शक होईस्तोवर ढवळणं. कसर लागू नये म्हणून बाइंडर चिमूटभर मोरचूद टाकतात. ती खळ फक्त कण्याला आणि पुठ्ठ्याला वापरा. जुनी माणसं बोटाला थुंकी लावून पान उलटतात आणि मोरचूद विषारी असतं. आतल्या पानांना साधी खळ.

दोन गोष्टी हात जोडून सांगाव्याशा वाटतात. घरी चिकटपट्टी लावू नका. काही वर्षांत ती पिवळी पडून सुटते आणि तिचा डिंक अक्षरांवर राहतो. आणि बांधणीवाल्याला कडा कापू देऊ नका. काकांच्या ग्रंथात समासात बारीक अक्षरात अर्थ लिहिलेले होते. पहिल्या कोऱ्या पानावर घरातल्या प्रत्येक जन्माची तिथी, वार आणि वेळ होती, आणि नातीचं नाव सगळ्यांत खाली. नवी बांधणी करताना ही कोरी पानं 'खराब' म्हणून सर्रास फेकली जातात. ती वेगळी काढून, नवी अस्तरपानं घालून, त्यांच्या आत शिवून घ्या.

शिंपीकाम

तात्यांची बंडी मांजरपाटाची. कापड रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मगच बेतायचं. नाहीतर मीटरमागे तीन-चार सेंटिमीटर तरी आटतं आणि पहिल्याच धुण्यात काखेत धरतं. आत डाव्या बाजूला चोरखिसा, तोंड आडवं आणि वर झडप. खिशाला आतून प्लास्टिक लावायचा मोह होतो, पण घामाने नोटा त्यातच भिजतात. दुहेरी कापड पुरे. वारीच्या दोन बंड्या, आणि त्याच फेरीत सुनेचं, नातवाचं काही ना काही असायचंच.

हिशेब आणि कर

आमच्या अप्पांची वही दोन भागांत असायची, एक दानधर्माचा आणि एक घराचा. दिंडीला रोख दिलेले पैसे ते पावतीसाठी देत नव्हते, आणि आयकरात २००० रुपयांवरच्या रोख देणगीची वजावट मिळतही नाही. जिथे पावती घ्यायची तिथे ते चेकच देत.

अशी माणसं गेल्यावर घरचे दुःखात असतात आणि मुदती निघून जातात. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करा, पुढे विलंब शुल्क लागतं. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच घ्या. शेतजमीन असेल तर वारसाची खबर तलाठ्याला तीन महिन्यांत द्यायची. फेरफाराच्या नोटिशीनंतर हरकतीसाठी १५ दिवस असतात. सगळ्यात जास्त अडतं ते नावावर: सातबाऱ्यावर 'अप्पा', आधारवर पूर्ण नाव. 'उर्फ'चं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. विम्याच्या दाव्याला मूळ पॉलिसी, मृत्यूचा दाखला, नॉमिनीची ओळख आणि रद्द केलेला चेक लागतो. बँकेतला नॉमिनी पैसे घेऊ शकतो, पण त्यामुळे तो मालक ठरत नाही. वारसांचा हक्क राहतो. हे भावंडांना एकत्र बसवून सांगा. अप्पांनी हयातीतच सगळ्यांना एका खोलीत बसवून वही वाचून दाखवली होती. नंतर एकाही मुलाने आवाज चढवला नाही. त्या वर्षीचं विवरणपत्र मृत्यूच्या तारखेपर्यंतचं, वारसाने भरायचं. पॅन कार्ड त्यानंतरच परत करा.

किराणा

पुण्यतिथीच्या कीर्तनानंतरची पंगत दादांच्या यादीवर अजून चालते. शंभर पानांना तांदूळ ७ किलो, तूरडाळ ३ किलो, शिऱ्याला रवा ३, साखर ३, तूप २ किलो, शिवाय पोळ्या. कांदा-लसूण नाही. तिथी एकादशीला आली तर पंगत द्वादशीला. तांदूळ एकाच पातेल्यात शिजवू नका, तळाचा करपतो आणि वरचा कच्चा राहतो. दोन घाणे करा.

माळ ओवणारे

माईंची जपमाळ, १०८ मणी आणि मेरुमणी. दोरा तुटतो तो केसांच्या तेलाने आणि घामाने कुजून. साबणात बुडवू नका, लाकूड फुगून भोकापाशी उकलतं. कोरड्या सुती कापडाने पुसायची. ओवताना प्रत्येक मण्यानंतर गाठ घाला, म्हणजे तुटली तरी मणी विखरत नाहीत. गाठींसाठी दोरा मात्र दुप्पट-अडीचपट धरा. मेरुमण्यापाशी दुहेरी गाठ, आणि टोक जाळण्यापेक्षा मण्याच्या भोकात ओढून घ्या. शेवटच्या वेळी माईंच्या माळेचे तीन मणी उकलले होते. त्या जागी त्यांच्या सासूबाईंच्या जुन्या माळेतले मणी ओवले, ते त्यांनी स्वतःच एका डबीत जपून आणले होते. माळ आता धाकट्या सुनेकडे आहे, डबीत अजून बारा मणी शिल्लक आहेत.