सिकंदर लिहावं की अलेक्झांडर?

धागाकर्ती : लेकीच्या पुस्तकात 'अलेक्झांडर', आजोबांच्या गोष्टीत 'सिकंदर'. तिला हे दोन वेगळे राजे वाटले! माझं मत ठाम आहे, मराठीत सिकंदरच लिहावं. मूळ ग्रीक नाव अलेक्सांद्रोस. त्यात 'रक्षण करणं' आणि 'पुरुष' हे दोन शब्द, म्हणजे माणसांचा रक्षणकर्ता. अरबीत सुरुवातीचं 'अल' हे त्या भाषेतलं उपपद समजलं गेलं, 'क्स'चा 'स्क' झाला आणि इस्कंदर तयार झाला. फारसीतून तो सिकंदर होऊन आपल्याकडे आला. अलेक्झांडर हा तर इंग्रजी उच्चार. ग्रीकमध्ये 'ग्झ' नाहीच.

झेलमकाठ : अजिबात पटलं नाही. सिकंदर आता स्वतंत्र नाव आहे. १५१७ मध्ये वारलेल्या सिकंदर लोदीला कुणी अलेक्झांडर लोदी म्हणेल का? मूळ एक असलं म्हणून नाव एक राहत नाही. आणि इ.स.पू. ३२६ मध्ये तुमच्या ग्रीक सिकंदराशी लढलेल्या राजाला तुम्ही काय म्हणता? पोरस! तेही ग्रीकांनी लिहून ठेवलेलंच रूप. म्हणजे परक्याचं नाव आपल्या वळणाचं हवं आणि आपल्या माणसाचं ग्रीक वळणाचं चालतं?

शिलालेखप्रेमी : दोघंही अशोकाला विसरलात. त्याच्या तेराव्या शिलालेखात ग्रीक राजांच्या यादीत 'अलिकसुदर' आहे. हा अलेक्झांडर वेगळा; तो एपिरसचा की कॉरिंथचा यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण अरबी-फारसीच्या कितीतरी आधी हे नाव थेट ग्रीकांकडून इथे पोचलं होतं. मग अलेक्सांद्रोसच का लिहू नये?

कुडतरीकर : आमच्या गावचं चर्च संत आलेक्सचं. ते नाव अलेक्सियोसवरून, म्हणजे त्याच 'रक्षण' धातूचं, पण भावंड. दोन्ही एक समजू नका, एवढंच.

धागाकर्ती : @शिलालेखप्रेमी, अलिकसुदर माझ्याच बाजूचा साक्षीदार आहे! त्या लेखनिकानं नाव आपल्या बोलीत बसवलं, अलेक्सांद्रोस लिहीत बसला नाही. हंगेरीत याच राजाला शांदोर म्हणतात, तुर्कस्तानात इस्केंदर. तिथं कुणी त्याला अपभ्रंश म्हणून नाक मुरडत नाही.

@झेलमकाठ, पोरसाबद्दल मात्र तुम्ही मला निरुत्तर केलंत. आजपासून मी पौरव राजा म्हणेन. आणि लोदीशी घोटाळा नको म्हणून पहिल्या उल्लेखात 'मॅसेडोनियाचा सिकंदर' लिहीन. लेकीला तसंच सांगितलंय.