सहायक प्राध्यापक मुलाखत (वनस्पतीशास्त्र): दहा मिनिटांच्या डेमोत काय शिकवू?

तिवर_राजापूर
रत्नागिरीतल्या एका अनुदानित कॉलेजातून मुलाखतीचं पत्र आलंय. 12 दिवस उरलेत. एमएस्सी, सेट, पीएचडी झालंय. 6 वर्षं सीएचबीवर, म्हणजे तासांच्या हिशोबाने मानधनावर, काढलीत. मानधन कधी दिवाळीला येतं, कधी शिमग्याला.

मागच्या वर्षी दुसऱ्या एका ठिकाणी डेमोला पीएचडीचाच विषय घेतला होता, कातळसड्यावरचे (जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावरचे) वनस्पतिसमूह, 22 स्लाइड. तिसऱ्याच मिनिटाला तज्ज्ञ म्हणाले, "मॅडम, हे एफवायच्या पोरांना कळेल?" तिथून पुढे घशातून आवाज फुटेना. शेवटी संस्थेचे एक सदस्य म्हणाले, "लग्नाचं काय?" मी गप्प बसले, त्याचा राग अजून गेलेला नाही.

सध्या नव्या शैक्षणिक धोरणाचे जीआर पाठ करतेय. पण डेमोत काय घेऊ?

निवृत्त_खडू
31 वर्षं शिकवलं, विषयतज्ज्ञ म्हणून मुलाखत समित्यांवरही बसलो. वयाच्या हक्काने 'तू' म्हणतो.

जीआर मिटून ठेव. तीन वर्षांच्या पदवीला 120 ते 132 क्रेडिट, एवढं लक्षात असू दे. मेजर-मायनर (मुख्य आणि दुय्यम विषय) विचारलं तर तुझ्या कॉलेजात वेळापत्रक बसवताना काय तारांबळ उडते ते सांग, पुस्तकी व्याख्या सगळेच सांगतात. आणि समोर कोण बसतं ते बघ: संस्थेचे अध्यक्ष किंवा त्यांचे प्रतिनिधी, प्राचार्य, विभागप्रमुख, कुलगुरूंचे प्रतिनिधी, विषयतज्ज्ञ. यातल्या निम्म्यांचा वनस्पतीशास्त्राशी संबंध बारावीलाच सुटलेला असतो. त्यामुळे तो 'एफवायच्या पोरांना' वाला टोमणा खरा होता, सांगायची रीत वाईट होती.

सप्टेंबर आहे, सडा तुझ्या दारात आहे. सीतेची आसवं घे. युट्रिक्युलॅरिया, सड्यावरची कीटकभक्षी वनस्पती. फळ्यावर एकच प्रश्न लिही: झाड आपलं अन्न आपण तयार करतं, मग याला जीव मारायची गरज का? आणि थांब. खरंच थांब, उत्तराची वाट बघ. मग कातळ सांग. माती बोटभर, तीही पावसाने धुतलेली, त्यात नत्र नावालाच. साखर पानं करतील, नत्र कुठून आणायचा? मग तिची जीव पकडायची पिशवी फळ्यावर काढ. ती असते ओल्या मातीत, टाचणीच्या डोक्याएवढी किंवा त्याहून बारीक. आतलं पाणी बाहेर टाकून ती आतला दाब कमी करते. दारावरच्या केसाला एखादा सूक्ष्म जीव अडखळला की दार आत उघडतं आणि पाण्याबरोबर तोही आत ओढला जातो. पापणी लवायच्या आत.

हे खडूने काढायचं. स्लाइड नकोत, पावसात विजेचा काय भरवसा! जमलं तर रोपासकट मातीचं एक ढेकूळ घेऊन जा. एकच हं, सडा खरवडू नकोस.

येत नसेल ते "माहीत नाही" म्हणून मोकळं व्हायचं. एका उमेदवाराने मला पांढरी चिपी 2020 साली राज्याचा कांदळवृक्ष (खारफुटीचं झाड) झाली हे घडाघडा सांगितलं. मी चिपीची फांदी हातात दिली, तर म्हणाला, "तिवर." म्हणजे दुसरीच खारफुटी.

कातळखोद
सर, कशाला आशा लावता? नाव आधीच ठरलेलं असतं. मी पाच मुलाखती दिल्यात.

निवृत्त_खडू
काही ठिकाणी असतं, नाही म्हणत नाही. तसल्या दोन बैठकांत मी सही करायला नकार दिलाय, आणि पुढे तिथून मला बोलावणं आलेलं नाही. पण नाव ठरलेलं नाही अशी जागा समोर येईल तेव्हा हिच्या हातात खडू असावा.

कुडाळची_एसटी
गो बाय, लग्नाचा इचारल्यानी तर हसान सांग, "सर, तासाक मी वेळेर येतलंय." आणि गप ऱ्हव. माका पण इचारलेला. आणि आदल्या दिवशीच रत्नागिरी गाठ. मी पाटेच्या गाडयेन निघालंय आणि हातखंब्याक अडाकलंय, मुलाखतीक पोचलंय ती घामान भिजान. मूळ कागद पिशयेत वरच ठेव, थयसर सगळ्यांसमोर उचकूक नको.

तिवर_राजापूर
सर, ताई, आभार. आज तास संपल्यावर सड्यावर गेले. सीतेच्या आसवांची निळी चादर अजून आहे. श्रीखंडाच्या डब्यात एक ढेकूळ आणलंय, आई विचारते फ्रिजमध्ये हे काय.

चुलत बहिणीसमोर डेमो करून बघितला, ती अकरावी कॉमर्सला. नऊ मिनिटं लागली. शेवटी तिने विचारलं, "मग ही डास खाते का? आपण विहिरीत का नाही सोडत?" मला पटकन उत्तर सुचलं नाही.

निवृत्त_खडू
पाण्यात वाढणाऱ्या जाती डासांच्या अळ्या धरतात. सड्यावरच्या हिच्या पिशवीत वाढलेल्या अळीचं डोकंही मावायचं नाही. आणि त्या मुलीला कॉमर्सला कोणी घातलं?