मागच्या चाकाखालचा काळा डाग: तुमच्याकडेही होता का?

नौपाड्याचा_बाळ्या
काल वागळे इस्टेटला लेथवाल्याकडे गेलो होतो, पाण्याच्या पंपाचा शाफ्ट घेऊन. बाजूच्या गाळ्यात कुणीतरी डिफरन्शियल (मागच्या चाकांना फिरवणारा गिअरचा डबा) उघडलं होतं, आणि तो वास आला. नव्वद नंबरच्या गिअर ऑइलचा. गंधकाचा, सडक्या अंड्यासारखा. मी तिथेच उभा राहिलो.

बाबांची पद्मिनी, ८३ची, पांढरी. उजव्या मागच्या चाकातून ऑइल गळायचं. रिम काळी, टायरच्या आतल्या बाजूला ओघळ, आणि ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढायची, कारण उजव्या ब्रेकचे लायनर (ड्रमला घासणारं अस्तर) तेलात भिजलेले. तीन वेळा ऑइल सील (चाकाच्या शाफ्टभोवतीची, तेल अडवणारी रबरी कडी) बदललं. पहिल्यांदा मिस्त्रीने. दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा बाबांनी आणि मी, नौपाड्याच्या वाड्यात, मे महिन्याच्या सुट्टीत. सीलसाठी चाकाचा शाफ्ट काढावा लागतो, तो निघेना तेव्हा बाबांनी ब्रेकचा ड्रम उलटा करून सैल अडकवला आणि बाहेरच्या दिशेने हिसके दिले. चौथ्या हिसक्याला शाफ्ट सुटला आणि मी ड्रमसकट मागे तुळशीपर्यंत. आई आतून म्हणाली, "वृंदावन फुटलं का?" मला लागलं का, हे नाही विचारलं.

तीन महिन्यांनी परत डाग. आई दिवाळीला त्या डागाच्या बाजूने रांगोळी काढायची. गाडी अजून आहे, गळतेही आहे. तुमचे किस्से लिहा.

कळव्याची_ताई
आमची अँबेसेडर. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कायमचा खाली. पुठ्ठा बदलायचं काम माझं, भावाने कधी केलं नाही, आता सांगतो "मीच बदलायचो". दादा, वाचत असशील तर वाच.

सीवूड्स_४थामजला
गाडी नाही. आमच्याकडे फक्त गच्ची गळते. त्याचा धागा आहे का?

कळव्याची_ताई
@सीवूड्स 😂 त्याला सेक्रेटरी लागतो, मिस्त्री नाही

रबाळे_फिटर
बाळ्या, तीनदा सील बदलून गळतंय म्हणजे दोष सीलचा नाही. कामावर आहे, तुकड्यातुकड्यात लिहितो.

आधी खात्री करा की ते गिअर ऑइलच आहे. व्हील सिलिंडर (चाकातला, ब्रेक दाबणारा) गेला तर ब्रेक ऑइल येतं, ते पाण्यासारखं पातळ आणि रंग सोलतं. नव्वद नंबर जाड, वास तुम्ही सांगितलाच.

मग शाफ्ट. सीलचा ओठ, म्हणजे आतली रबराची कड, जिथे घासतो तिथे वर्षानुवर्षांत खाच पडते. नख फिरवा. नख अडकलं तर कितीही नवीन सील घाला, गळणारच. त्यावर पातळ स्लीव्ह चढवतात, किंवा सील जरा आत-बाहेर बसवतात, म्हणजे ओठ नव्या जागी येतो. बेरिंग ढिलं असेल तर शाफ्ट डुलतो, सीलचा त्यात काय दोष.

रबाळे_फिटर
आणि सील कोरडं ठोकू नका. ओठाला ऑइल लावा, आतली स्प्रिंग ऑइलच्या बाजूला हवी. उलट बसवलेली बघितलीत, हसू नका, मीच बसवली होती पहिल्या वर्षी. जुनं सील फेकू नका. त्यावर आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी असे तीन आकडे छापलेले असतात. ते बेरिंगवाल्याला दाखवलं की तो गाडीचं नावसुद्धा विचारत नाही.

तुर्भेकर७२
वडील काळी-पिवळी चालवायचे, पद्मिनीच. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर बंद झाली, त्या दिवशी ते दुपारी जेवलेच नाहीत. आमची त्याच्या कितीतरी आधी विकली होती.

गळण्याबद्दल त्यांचं एकच म्हणणं होतं, गाडी एका बाजूने फुटपाथवर चढवून रात्रभर ठेवू नका. ऑइल खालच्या चाकाकडे जाऊन सीलवर बसतं. आमच्या गल्लीत दुसरी जागाच नव्हती. म्हणजे खालच्या बाजूचं चाक कायम ओलं.

पामबीच_सायकलवाली
ड्रम उघडणाऱ्यांनो, आतली धूळ तोंडाने फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा. माझे काका फुंकायचे, बाकी लिहीत नाही.

नौपाड्याचा_बाळ्या
@सायकलवाली ताई, बाबाही फुंकायचे. आता नाही.
@फिटर नख लावून बघितलं होतं एकदा, गुळगुळीत होतं.

विटावा_पुलाखाली
२६ जुलै २००५. गाडी दोन दिवस अर्ध्या चाकापर्यंत पाण्यात. नंतर डिफरन्शियलचा खालचा बोल्ट काढला तर दूध घातलेल्या कॉफीसारखं काहीतरी बाहेर आलं. आईने विचारलं हे फेकायचं का. दोनदा ऑइल बदललं तेव्हा रंग नीट झाला. सील मात्र तेव्हापासून गेलं ते गेलंच. लायनर पेट्रोलमध्ये धुऊन उन्हात वाळवले, मिस्त्री म्हणाला चालतील. पुढे एका उतारावर कळलं की नाही चालत. नवीनच घाला लोकहो, आतपर्यंत मुरलेलं तेल गरम झाल्यावर परत वर येतं.

सीवूड्स_४थामजला
कॉफी वाचून भूक लागली. ठाण्याला कोण आहे, मामलेदारला मिसळ खायला भेटायचं का रविवारी

कळव्याची_ताई
मध्यम तिखट घ्या. दादाने "तिखट" मागून नंतर पुठ्ठ्यावर झोपला होता. (तो वेगळा पुठ्ठा.)

रबाळे_फिटर
बाळ्या, शाफ्ट गुळगुळीत असेल तर ब्रीदर बघा. मागच्या एक्सलच्या हाउसिंगच्या वरच्या बाजूला छोटीशी टोपी असते, बोटाच्या पेरापेक्षा लहान. गाडी चालली की आतली हवा तापून फुगते, ती तिथून निघते. तो बुजला तर हवा वाट शोधते, आणि सर्वात सोपी वाट म्हणजे सीलचा ओठ. सोबत ऑइल घेऊन बाहेर. ऑइलही जास्त भरू नका. गाडी सपाट जागी, बाजूच्या भोकातून ओघळायला लागलं की बस. बरेच जण "एक बाटली अजून" करतात.

नौपाड्याचा_बाळ्या
ब्रीदर हा शब्दच आमच्या घरात कधी आला नाही. जातो खाली टॉर्च घेऊन.

तुर्भेकर७२
फोटो टाका

विटावा_पुलाखाली
जॅकवर विसंबू नका, स्टँड लावा

नौपाड्याचा_बाळ्या
स्टँड लावले. सापडला. म्हणजे टोपी दिसत नाही, काळा गोळा दिसतो. रंगाचा. बाबा दर दिवाळीला गाडीखाली झोपून एक्सलला गंज लागू नये म्हणून काळा रंग मारायचे. दोन-दोन हात. टोपीवर पण. सुईने टोकरला तर "फुस्स" असा आवाज आला, अक्षरशः.

वर जाऊन सांगितलं. बाबा ८१ वर्षांचे, चहा घेत होते. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गंज लागलाय का कुठे?" म्हटलं नाही. "मग?"

कळव्याची_ताई
😂😂 आईंना सांगितलं का?

नौपाड्याचा_बाळ्या
नाही अजून. रांगोळीचा हिशोब काढेल.

रबाळे_फिटर
सील आता एकदा बदलाच, जुना ओठ ताणला गेला असेल. लायनरही. स्लाइड हॅमर (शाफ्ट खेचून काढायचं अवजार) आहे माझ्याकडे, ड्रम उलटा करू नका या वयात. शनिवारी सहानंतर रबाळे स्टेशनच्या पूर्वेला येऊन फोन करा, नंबर व्यक्तिगत निरोपात देतो.

सीवूड्स_४थामजला
मग मिसळ शनिवारी की रविवारी?